लाहाइनालुना : मिशनऱ्यांनी काढलेली आणि पोरांनी वापरून घेतलेली शाळा

जुनी_पाटी (धागाकर्ता)

जानेवारी १८४४. हवाईतल्या माउई बेटावर डोंगराच्या उतारावरची एक मिशनरी शाळा. या शाळेच्या स्वतःच्या कागदी नोटा होत्या. मुलांनी कामं केली की रोख पैशांऐवजी त्या हातात पडायच्या, आणि त्या तिथेच, शाळेच्या छापखान्यात छापल्या जायच्या. तर त्या जानेवारीत मास्तरमंडळींच्या लक्षात आलं की खोट्या नोटा फिरताहेत. दूर कुठे शोधायला जायची गरजच नव्हती. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायची विद्या त्या अख्ख्या टापूत या शाळेतल्या पोरांनाच अवगत होती, आणि ती शिकवली होती मास्तरांनीच! सगळ्या नोटा परत मागवल्या, खऱ्या नोटांवर गुप्त खूण केली आणि पुन्हा वाटल्या. हवाईतला हा पहिला कागदी पैसा मानतात.

शाळेचं नाव लाहाइनालुना. ५ सप्टेंबर १८३१ रोजी सुरू झाली, आजही चालू आहे. अमेरिकेतल्या रॉकी पर्वताच्या पश्चिमेची सगळ्यात जुनी शाळा असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. सुरू झाली तेव्हा मात्र हा अमेरिकेचा भाग नव्हता. हवाई हे स्वतंत्र राज्य होतं आणि गादीवर तिसरा कामेहामेहा होता.

थोडी पार्श्वभूमी. बोस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड' या प्रोटेस्टंट मिशनची पहिली तुकडी १८२० मध्ये हवाईत उतरली. त्यांचं नशीब असं, की वर्षभर आधीच राजघराण्याने स्वतःच जुनी 'कापू' व्यवस्था, म्हणजे काय खायचं, कुणाबरोबर खायचं, कुणाची सावली कुणावर पडायची नाही असले निर्बंध, मोडीत काढली होती. या तुकडीत एक छपाईवाला होता, एलिशा लूमिस. जानेवारी १८२२ मध्ये त्याने पहिलं पान छापलं. १८२६ मध्ये मिशनऱ्यांनी चक्क मतदान घेऊन हवाईयन भाषेची अक्षरं ठरवली. पाच स्वर, सात व्यंजनं, एकूण बारा. राणी काआहुमानू आणि सरदार मंडळींनी वाचायला शिकणं मनावर घेतलं, आणि राजा शिकतोय म्हटल्यावर रयत मागे कशी राहील? गावोगावी शाळा निघाल्या. त्यांत बहुतेक मोठी माणसंच शिकत होती. लवकरच मास्तर कमी पडायला लागले आणि मास्तर तयार करायला एक वरची शाळा हवी झाली.

लाहाइना तेव्हा व्हेल मारणाऱ्या जहाजांचं बंदर. खलाशी आणि मिशनरी यांचं हाडवैर. बायकांनी जहाजांवर जाऊ नये असा नियम झाला, तेव्हा १८२७ मध्ये जॉन पामर या जहाजावरून मिशनरी विल्यम रिचर्ड्‌सच्या घराच्या दिशेने तोफा डागल्या गेल्या होत्या. शाळेसाठी गावाच्या वरच्या अंगाची जागा मिळाली, ती माउईचा गव्हर्नर होआपिली याच्याकडून.

पहिल्या दिवशी पंचवीस विद्यार्थी होते. पोरं म्हणतोय खरा, पण त्यांतले बरेच बाप्ये, काही लग्न झालेले. शाळेची इमारत त्यांनीच उभारली. खायचं त्यांनीच पिकवायचं, म्हणजे मुख्यतः अळू. तिकडे अळूची पानं दुय्यम, कांदा मुख्य, उकडून कुटून त्याचं 'पोई' करतात. पहिला मुख्याध्यापक लॉरिन अँड्र्यूज. गणित, भूमिती, भूगोल, जमीनमोजणी, नौकानयन असं सगळं शिकवायचं, आणि सगळं हवाईयन भाषेत. पुस्तकं नव्हती. मास्तर भाषांतर करायचे, पोरं छापायची, मग तेच शिकायचं.

डिसेंबर १८३३ मध्ये एक जुना हातछापखाना वर शाळेत आणला. १४ फेब्रुवारी १८३४ ला 'का लामा हवाई' हे हवाईयन भाषेतलं पहिलं वर्तमानपत्र तिथून निघालं. रॉकीच्या पश्चिमेचं पहिलं वर्तमानपत्रही हेच. त्यात बेटांवर कुणी कधी न पाहिलेल्या प्राण्यांची लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं असायची. ती मिशनचे डॉक्टर चेपिन यांनी कोरलेली. १८३७ मध्ये छापखान्याला पक्की इमारत मिळाली, हाले पाइ. ती अजून उभी आहे.

मला या शाळेत रस वाटतो तो दोन विद्यार्थ्यांमुळे.

पहिला डेव्हिड मालो. शाळेत आला तेव्हा वय पस्तिशीच्या पुढे. तो आधीच जाणता होता. राजदरबारी वाढलेला, वंशावळ्या आणि जुनी पठणं मुखोद्गत. शाळेने त्याच्या हातात लेखणी दिली आणि त्याने तिने काय लिहिलं? तर जुने देव, जुने विधी, पंचांग, मासेमारी, घरबांधणी, सरदारांचे आणि रयतेचे संबंध. बाटल्यावर त्याला जुन्या धर्माबद्दल प्रेम उरलं नव्हतं, ते लिखाणात जाणवतं. तरी लिहून ठेवलं, आणि ते वगळून आज हवाईच्या जुन्या समाजाबद्दल एक पान लिहिता येत नाही. याच मालोने १८३७ मध्ये पत्रात इशारा दिला होता, की मोठी लाट आली की खोल समुद्रातले अनोळखी मोठे मासे येतात आणि उथळ पाण्यातल्या लहान माशांना गिळतात. तसे मोठ्या देशांचे लोक आपल्याला गिळतील. मिशनरी शाळेत शिकलेला, पुढे पाद्री झालेला माणूस हे सांगत होता. १८५३ मध्ये गेला. शाळेच्या वर डोंगरावर त्याचं थडगं आहे. परक्यांचा लोंढा पोचणार नाही अशा उंचीवर त्याला पुरायचं होतं असं सांगतात.

दुसरा सॅम्युएल कामाकाऊ. हा त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पुढे १८६० आणि ७० च्या दशकांत हवाईयन वर्तमानपत्रांतून राजांचा इतिहास त्याने हप्त्याहप्त्याने लिहिला. गंमत म्हणजे प्रोटेस्टंटांच्या या लाडक्या शाळेचा हा हुशार विद्यार्थी १८६० मध्ये कॅथलिक झाला.

या दोघांच्या मागे शेल्डन डिबल या मास्तराची एक युक्ती आहे. १८३६ च्या सुमारास त्याने निवडक विद्यार्थ्यांना प्रश्न वाटून दिले. घरी जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा, लिहून आणा. आलेलं सगळं वर्गात ताडून पाहायचं. त्यातून १८३८ मध्ये हवाईचा इतिहास हवाईयन भाषेत छापला गेला. आजच्या कॉलेजांत याला 'क्षेत्रकार्य' म्हणून गुण देतात.

माझं म्हणणं इतकंच की या शाळेचा इतिहास मास्तरांच्या अहवालांतून वाचला तर एक दिसतो आणि पोरांनी काय छापलं ते पाहिलं तर दुसराच दिसतो. तुमची मतं येऊ द्यात.

---

मोगरा

वा! नोटांचा किस्सा भारी. पुढे त्या पोरांचं काय केलं, काढून टाकलं का?

---

खिळेजुळारी

उत्तम धागा. माझी हयात छापखान्यात गेली, म्हणून तांब्याच्या पत्र्याबद्दल दोन शब्द.

खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, छपाई आणि पत्र्यावरची छपाई यांत जमीनअस्मानाचा फरक. खिळ्यांना शाई वर लागते. पत्र्यावर उलटं. टोकदार हत्याराने चर पाडायचे, शाई चोळून चरांत भरायची, मग वरचा भाग लख्ख पुसायचा. पुसणं हेच खरं कौशल्य. जास्त पुसलं तर चरातली शाई निघते, कमी पुसलं तर कागद मळतो. कागद ओलसर हवा, आणि दोन रुळांमधून जबर दाबाने काढावा लागतो, तेव्हा कागद चरात शिरून शाई उचलतो. शिवाय सगळं आरशातल्यासारखं उलटं कोरायचं. नकाशा असेल तर पूर्वेचं पश्चिमेला! त्या पोरांनी नकाशे काढले हे वाचलं होतं, कालामा नावाच्या विद्यार्थ्याचा हवाई बेटांचा नकाशा तर प्रसिद्ध आहे. जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे जुने पत्रे ते यासाठी वापरत म्हणे. तो पत्रा आधी ठोकून, घासून आरशासारखा करायचा म्हणजे काय मेहनत असेल!

आणि बारा अक्षरं! आमच्या देवनागरीची केस, खिळे ठेवायची खणांची पेटी, म्हणजे कानामात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो घरं. बारा अक्षरांची भाषा म्हणजे खिळेजुळाऱ्याला माहेरच की. पण एक अडचण आली असणार. अमेरिकेहून येणारे खिळे इंग्रजीच्या हिशेबाने ओतलेले, त्यांत 'के' अगदी मोजके. आणि हवाईयनमध्ये तर ओळीओळीला 'क'.

---

शंकासुर

छान रंगवलंय, पण नाण्याची दुसरी बाजू सोयीस्करपणे गाळली आहे. मिशनरी आले तेव्हा आणि नंतर लोकसंख्या बघा. १८३१-३२ च्या मोजणीत सुमारे १ लाख ३० हजार, १८५३ मध्ये ७३ हजार. रोगराईने लोक मरत होते आणि हे भूमिती शिकवत होते. पुढे जमिनी गेल्या, राणी गेली, भाषा गेली. १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानीला पदच्युत केल्यावर राष्ट्राध्यक्ष कोण झाला? सॅनफर्ड डोल, मिशनऱ्याचा मुलगा. "धर्म द्यायला आले आणि जमीन घेऊन बसले" हे उगीच म्हणत नाहीत.

---

रानवाट

@शंकासुर, रोगराईचा दोष मिशनऱ्यांवर टाकणं जरा जास्तच होतंय. गुप्तरोग कॅप्टन कुकच्या जहाजांबरोबरच आले, गोवर आणि देवी नंतर. १८५३ च्या देवीच्या साथीत माउईवर लस टोचत फिरणारा डॉक्टर बाल्डविन हा मिशनरीच होता.

पण जमिनीचा मुद्दा खरा आहे, आणि तो थेट या शाळेच्या अंगणातूनच निघतो. १८४३ पासून विल्यम अलेक्झांडर हा मिशनरी लाहाइनालुनाला शिकवायला होता. त्याचा मुलगा सॅम्युएल शाळेच्या आवारातच वाढला. खाली गावात डॉ. बाल्डविनचा मुलगा हेन्री. दोघे मित्र. १८७० मध्ये दोघांनी मिळून माउईवर उसासाठी जमीन घेतली, त्यातून 'अलेक्झांडर अँड बाल्डविन' ही कंपनी झाली, हवाईच्या साखरेवर राज्य करणाऱ्या पाच बड्या कंपन्यांपैकी एक. डोंगरातून पाटाने पाणी आणून त्यांनी ऊस फुलवला. ज्या ओढ्यांवर अळूची खाचरं भिजायची त्यांचं पाणी उसाला गेलं. बाप अळू लावणाऱ्या मुलांना भूमिती शिकवतोय आणि मुलगा त्याच भूमितीने पाट आखतोय. यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

जाता जाता, शाळेत जमीनमोजणी शिकवत असत असं धाग्यात आलंय. १८४८ ला राजाने जमिनीची वाटणी केली, १८५० ला परदेशी लोकांना जमीन विकत घ्यायची मुभा मिळाली. त्या वेळी साखळ्या घेऊन मोजणी करणाऱ्यांत लाहाइनालुनाचे विद्यार्थी होते.

---

जुनी_पाटी

@शंकासुर, गाळलं नाही, मालोचा इशारा त्यासाठीच दिला होता. १८४५ मध्ये परक्यांना अधिकारपदं देऊ नका म्हणून राजाकडे अर्ज गेले, त्यांतही मालो पुढे होता. १८३९ चा हक्कांचा जाहीरनामा, ज्यात रयतेच्या जीविताला आणि मालमत्तेला पहिल्यांदा कायद्याचं संरक्षण मिळालं, त्याचा मसुदा बोआझ माहुने याचा. तोही याच शाळेच्या पहिल्या तुकडीतला.

@रानवाट, अलेक्झांडर-बाल्डविनचा मुद्दा तुम्ही मांडलात ते बरं झालं. मी तो मुद्दाम प्रतिसादात घेणार होतो, तुम्ही माझ्यापेक्षा नेमका मांडलात.

@मोगराताई, शिक्षेचा तपशील राहू द्या. पण अँड्र्यूज त्या वेळी मुख्याध्यापक नव्हता हे सांगतो. त्याने १८४२ मध्येच मिशन सोडलं. कारण ऐकण्यासारखं आहे. बोर्ड गुलामगिरी चालणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांतून देणग्या घेत होतं, आणि तो पैसा याला चालेना. पुढे हवाईच्या राज्यात न्यायाधीश झाला, आणि हवाईयन भाषेचा मोठा कोश केला, तो १८६५ मध्ये आला. सगळे मिशनरी एका माळेचे मणी नव्हते, एवढंच.

---

किल्ल्याजवळचा

आम्ही नगरचे. धाग्यात 'अमेरिकन बोर्ड' वाचलं आणि कान टवकारले.

हेच बोर्ड १८१३ मध्ये मुंबईत आलं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट. म्हणजे हवाईच्या सात वर्षं आधी. आणि नगरला मिशनचं ठाणं सुरू झालं ते डिसेंबर १८३१ मध्ये. लाहाइनालुना सप्टेंबर १८३१! एकाच बोस्टनच्या कचेरीतून एकाच वर्षी दोन ठिकाणी कामाला सुरुवात. इकडे १८४२ ला नगरहून 'ज्ञानोदय' निघाला. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते नगरच्या मिस फरारबाईंकडे, त्या याच बोर्डाच्या.

आणि पोरांनी विद्या वापरून घेण्याचा मुद्दा म्हणाल तर आपल्याकडे तो जास्तच खरा. गणपत कृष्णाजी मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये शिकले आणि १८३१ मध्येच, बघा पुन्हा तेच साल, त्यांनी शिळाछापावर काय छापलं? पंचांग! मिशनच्या मंडळींनी डोक्याला हात लावला असेल. जावजी दादाजीही पोरवयात त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली तयार झाले, आणि पुढे स्वतःचा निर्णयसागर छापखाना काढून अख्ख्या हिंदुस्थानला संस्कृत पोथ्या पुरवल्या.

---

खिळेजुळारी

+१ किल्ल्याजवळचा. निर्णयसागरचे खिळे म्हणजे काय विचारता. आम्हाला उमेदवारीत नमुना म्हणून तेच दाखवायचे. ग्रॅहमसाहेबाने देवनागरीचे खिळे सुबक केले आणि जावजींनी ते त्याहून सुबक केले. गुरूची विद्या गुरूला.

---

शंकासुर

हे सगळं मान्य केलं तरी भाषेचं काय? जी शाळा हवाईयनमध्ये भूमिती शिकवत होती तिथे इंग्रजी कुणी आणली?

---

जुनी_पाटी

मिशनने नाही. हीच तर उलटी गोष्ट आहे. १८४९ ला मिशनला खर्च झेपेना म्हणून शाळा हवाईच्या सरकारकडे दिली. अट अशी की धर्मशिक्षण बदलायचं नाही. हवाईयन माध्यम पुढेही बरीच वर्षं टिकलं. इंग्रजी माध्यम १८७० च्या दशकात आलं, तेव्हा देशात राजाच होता. बापांना इंग्रजी हवी होती, कारण नोकरी आणि व्यापार इंग्रजीत. (ओळखीचं वाटतंय?) शेवटचा घाव १८९६ चा. राणीला हटवल्यावर आलेल्या सरकारने कायदा केला की शाळांचं माध्यम इंग्रजीच. ते सरकार चालवणाऱ्यांत मिशनऱ्यांची मुलं-नातवंडं होती, हे शंकासुरांच्या खात्यात जमा करा. बापजाद्यांनी जी भाषा छापायला शिकवली, तीच पुढच्या पिढीने शाळेतून हाकलली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर लाहाइनालुनाची सुतारकाम, शेतीकाम शिकवणारी शाळा झाली. जिथे राज्यघटनेचा मसुदा लिहिणारे घडले तिथे उसाच्या मळ्यांना लागणारे कारागीर घडवायचे!

मग १९७८ मध्ये हवाईयन पुन्हा राज्यभाषा झाली, १९८४ ला पहिली हवाईयन माध्यमाची बालवाडी निघाली. तेव्हा शब्द, म्हणी, मासेमारीची नावं, शेतीची रीत शोधायला लोक कुठे गेले? जुन्या वर्तमानपत्रांकडे. १८३४ ते १९४८ या काळात शंभराच्या वर हवाईयन वर्तमानपत्रं निघाली, त्यांची सव्वा लाखाच्या आसपास पानं शिल्लक आहेत. ती टंकून घ्यायला काही वर्षांपूर्वी हजारो स्वयंसेवक बसले होते.

---

समुद्रपार

मी होनोलुलूत राहते. लाहाइनालुनाला जाऊन आले आहे, म्हणून थोडं.

गावातून वर चढणारा सरळ रस्ता आहे, लाहाइनालुना रोडच. मागे डोंगरावर पांढरं मोठं 'एल' अक्षर लांबून दिसतं. होस्टेलची मुलं त्याला दरवर्षी चुना घालतात, मालोचं थडगं त्याच बाजूला. सरकारी शाळा असून होस्टेल आहे, आणि होस्टेलच्या मुलांना अजूनही शेतावर काम करावं लागतं, ती प्रथा सुटलेली नाही. हाले पाइ छोटी बैठी इमारत, जाड भिंती. आत जुन्या छापखान्याची प्रतिकृती आहे. मालोच्या नावाचा दिवस शाळेत दरवर्षी साजरा करतात, मुलंच जेवण रांधतात आणि नाच बसवतात.

८ ऑगस्ट २०२३ च्या आगीत खाली गाव बेचिराख झालं. शंभरावर माणसं गेली. डॉ. बाल्डविनचं घर जळलं, वाइओला चर्च जळलं. शाळा उंचावर म्हणून वाचली. काही आठवडे मुलांना किहेईच्या शाळेत बसवलं, ऑक्टोबरात परत आणलं. त्यांतल्या कित्येकांची घरं उरली नव्हती. आगीनंतर पाण्याचा वाद पुन्हा पेटला आहे. रानवाट यांनी लिहिलेले पाट आणि ओढे, तेच. ऊस गेला, जमिनी पडीक पडल्या, त्यावर परदेशी गवत माजलं आणि ते वाळून पेटलं, असं इथले लोक म्हणतात.

---

मोगरा

बापरे. समुद्रपार, काळजी घ्या.

मुलींना प्रवेश होता का सुरुवातीला?

---

समुद्रपार

नव्हता. मुलींसाठी मिशनने १८३७ मध्ये माउईवरच वाइलुकूला वेगळी शाळा काढली. शिकलेल्या पुरुषांना शिकलेल्या बायका हव्यात, असा सरळ हिशेब होता त्यामागे. लाहाइनालुनात मुली आल्या त्या विसाव्या शतकात.

---

रानवाट

आणि मिशनऱ्यांची स्वतःची मुलं लाहाइनालुनात बसत नव्हती, हेही नोंदवा. त्यांच्यासाठी १८४१ मध्ये होनोलुलूला पुनाहो काढली, पहिला मास्तर डॅनिएल डोल, वर आलेल्या सॅनफर्डचा बाप. ओबामा शिकले ती हीच.

---

शंकासुर

बघा! स्वतःच्या पोरांना वेगळी शाळा. आता बोला.

---

जुनी_पाटी

बोलतो, पण पुनाहोवर नवा धागा काढा, तुम्हीच काढा. इथे मी नोटांवर परत येतोय. खिळेजुळारीकाका, एक प्रश्न. खऱ्या नोटांवर केलेली गुप्त खूण पत्र्यावर कोरलेली असेल की छापल्यावर हाताने केली असेल? पत्र्यावर असती तर ज्याच्या हातात पत्रा त्याला ती कळणारच, नाही का?

---

खिळेजुळारी

हातानेच. पत्रा पोरांच्याच ताब्यात असताना खूण त्यावर कोरणारा मास्तर मी तरी पाहिला नाही. शाईचा एक बारीक ठिपका, ठरलेल्या अक्षराच्या पोटात, पुरेसा होतो. आमच्याकडे लॉटरीची तिकिटं छापायला यायची तेव्हा मालक असंच करायचे, आणि ठिपका कुठे ते आम्हा कामगारांना तिसऱ्या दिवशी ठाऊक असायचं.